बँड फुटला, आता कोण भारी? बीटल्सच्या चौघांची सोलो तुलना नीट कशी करायची

बीटल्सचा विषय निघाला की अर्ध्या तासात गाडी तिथेच येऊन थांबते, जॉन लेनन मोठा का पॉल मॅककार्टनी मोठा, मग कोणीतरी जॉर्ज हॅरिसनवाला मध्ये पडतो की तुम्ही दोघंही गप्प बसा, आधी त्याचा ऑल थिंग्ज मस्ट पास हा अल्बम ऐकलाय का सांगा, आणि ड्रमर रिंगो स्टारचं नाव आलं की सगळे हसतात. वाद घालायला हरकत काहीच नाही, पण होतं काय, एक जण १९७१ बद्दल बोलत असतो, दुसरा १९८२ बद्दल आणि तिसऱ्याला कुणीतरी कॅसेटवर भरून दिलेली चार गाणी तेवढीच माहीत असतात. चौघांच्या सोलो, म्हणजे बँडबाहेर केलेल्या कामाची तुलना करायचीच आहे ना, मग जरा रीतसर करू. पद्धत कुठल्याही फुटलेल्या बँडला थोडा फेरफार करून लावता येते, बीटल्सवर शिकणं सोपं एवढ्यासाठीच की चौघांचं सगळं तारीखवार नोंदलेलं आहे.

सगळ्यात आधी काळ ठरवा. हे न करता जो तुलना करतो त्याच्याशी मी तरी बोलत नाही. बीटल्ससाठी काळ आयताच मिळतो, १९७० ते १९७५. पॉल बाहेर पडल्याची बातमी १० एप्रिल १९७० ला फुटली, आठवड्याभरात १७ तारखेला त्याचा मॅककार्टनी हा अल्बम आला, आणि गंमत म्हणजे बँडचा स्वतःचा लेट इट बी त्याच्याही नंतर, ८ मेला. रिंगोने तर मार्चमध्येच आपला पहिला अल्बम काढून टाकला होता. म्हणजे घर मोडायच्या आधीच सामान बाहेर पडायला लागलेलं. दुसरं टोक पण तसंच ठरलेलं आहे, चौघांनी जानेवारी १९६७ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी नऊ वर्षांचं काँट्रॅक्ट केलं होतं ते जानेवारी १९७६ ला संपलं, तोपर्यंत चौघंही एकाच कंपनीच्या छत्राखाली, तेच दुकानदार, तोच रेडिओ. ऑक्टोबर १९७५ मध्ये जॉनला मुलगा झाला आणि त्याने पाच वर्षं दुकान बंदच ठेवलं. त्यामुळे चौघं एकाच मैदानात एकाच वेळी खेळतायत अशी ही सहाच वर्षं आहेत, नंतरचं नंतर बघू.

१९७० च्या आधीचं बाजूला ठेवा. जॉन आणि त्याची बायको योको यांचे आवाजांचे प्रयोग आणि जॉर्जचा १९६८ चा वंडरवॉल म्युझिक, दोन्ही. वंडरवॉल बाजूला ठेवताना मला स्वतःला जरा जड जातं कारण त्याचा बराच भाग आपल्या मुंबईत झालाय, जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज इथे येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेला, त्यातलं संतूर शिवकुमार शर्मांचं. त्याच सेशनमध्ये द इनर लाइटचा वाद्यमेळ पण झाला आणि ते गाणं पुढे बीटल्सच्या सिंगलच्या मागच्या बाजूला आलं. जरूर ऐका, पण ते फिल्मसाठी केलेलं संगीत आहे, हिशोबात धरू नका.

मग यादी. या सहा वर्षांत जॉनचे सहा अल्बम, पॉलचेही सहाच, जॉर्जचे चार, रिंगोचे चार. लाइव्ह आणि जमवाजमव केलेले धरले नाहीत. वीस अल्बम म्हणजे काही डोंगर नाही, बरेचसे चाळीस पंचेचाळीस मिनिटांचे आहेत.

ही यादी ॲपवर शोधताना मात्र दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे नावं. पॉलचं सगळं काम एका नावाखाली नाहीये, काही पॉल मॅककार्टनी, काही विंग्ज (त्याचा नंतरचा बँड), काही पॉल मॅककार्टनी अँड विंग्ज, आणि १९७१ चा रॅम पॉल आणि बायको लिंडा अशा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे नुसतं पॉलचं पान उघडून बसलात तर नेमका महत्त्वाचा माल सुटू शकतो. दुसरं म्हणजे डिलक्स एडिशन. मूळ अल्बमच्या मागे डेमो (कच्चं रेकॉर्डिंग), आउटटेक (वगळलेले टेक), नवीन मिक्स असं शेपूट लावलेलं असतं आणि वर्ष पण कधीकधी नवीन दाखवतात. मूळ गाणी कुठे संपतात ते बघून तिथे थांबा. ऑल थिंग्ज मस्ट पासला तर मुळातच तीन रेकॉर्डी होत्या आणि तिसरी निव्वळ मित्रमंडळींची जॅमिंग, ती एकदा ऐकून सोडून दिलीत तरी जॉर्ज रागावणार नाही.

आता खरा मुद्दा, आणि माझं म्हणणं सगळं यावरच उभं आहे. पहिल्या अल्बमवर निकाल देऊ नका. पहिला अल्बम हा बहुतेक वेळा बँडमध्ये असताना साठलेल्या मालाचा असतो. जॉर्जचं बघा, बीटल्सच्या एका रेकॉर्डवर त्याच्या वाट्याला एखाद-दोन गाणी यायची, बाकी सगळं जॉन आणि पॉलचं. मग बाकीची गाणी जाणार कुठे, पोतडीत. ऑल थिंग्ज मस्ट पास हे गाणं त्याने जानेवारी १९६९ मध्ये बाकीच्यांसमोर वाजवून दाखवलेलं, तालमीही झाल्या, बँडच्या रेकॉर्डवर काही आलं नाही. वाह-वाह हे गाणं तर त्याच महिन्यात वैतागून तालीम सोडून घरी गेला त्या दिवशी लिहिलंय. नोव्हेंबर १९७० मध्ये पोतडी उघडली आणि लोकांना वाटलं अरे हा तर एकदम राक्षस निघाला. निघालाच, वाद नाही, पण ती कित्येक वर्षांची कमाई एकदम खर्च झाली होती हे लक्षात ठेवूनच पुढचा अल्बम लावा.

बाकीचेही यातून सुटत नाहीत. १९६८ ला ऋषिकेशला महर्षींच्या आश्रमात असताना या लोकांनी ढिगाने गाणी लिहिली. परत आल्यावर मे महिन्यात जॉर्जच्या इंग्लंडमधल्या इशरच्या घरी बसून सगळ्यांनी साध्या गिटारवर त्यांचे डेमो केले, आणि ते २०१८ मध्ये बीटल्सच्याच व्हाइट अल्बमच्या पन्नाशीच्या एडिशनमध्ये अधिकृतपणे आले, त्यामुळे आता कोणालाही ऐकता येतात. हा प्रयोग नक्की करा: त्यातलं जॉनचं चाइल्ड ऑफ नेचर लावा आणि लगेच १९७१ च्या इमॅजिनमधलं जेलस गाय लावा. चाल तीच! शब्द सगळे बदलले, डोंगरदऱ्या आणि ऋषिकेशचा रस्ता जाऊन तिथे माफी मागणारा नवरा आला, पण चाल तीन वर्षं जुनी. तसंच पॉलचं जंक तिथे ऐका आणि मग मॅककार्टनी अल्बमवर ऐका. म्हणून म्हणतो, प्रत्येक गाण्यासमोर दोन वर्षं लिहा, लिहिलं कधी आणि आलं कधी. अंतर मोठं असेल तर ते गाणं सोलो माणसाच्या खात्यावर अर्धंच टाका, त्या वेळी शेजारी बसलेल्या तिघांचा धाक त्यात आहेच.

हे केलं की चित्र एकदम फिरतं. जॉर्ज वरून सुरू होतो, १९७३ चा लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड चांगला आहे पण १९७४ च्या डार्क हॉर्सला घसरतो. जॉनचे पहिले दोन जबरदस्त आणि १९७२ ला धाडकन खाली. पॉलचं उलटं, १९७० आणि ७१ मध्ये समीक्षकांनी त्याला धू धू धुतला, रॅम तर कुणाला आवडलाच नव्हता (आज तोच अल्बम लोक डोक्यावर घेऊन नाचतात, मी पण) आणि १९७३ च्या शेवटी बँड ऑन द रन. कोण किती उंच गेला यापेक्षा साठा संपल्यावर कोण कुठे चाललाय हे बघा, तिथे माणूस कळतो.

पुढचं काम क्रेडिट्स वाचायचं. याचा कंटाळा करू नका कारण बीटल्सच्या बाबतीत नशिबाने एक असा प्रयोग आपोआप घडून गेलाय की लॅबमध्ये पण इतका स्वच्छ करता आला नसता. १९७० च्या शेवटी पंधरा दिवसांच्या अंतराने जॉर्जचा ऑल थिंग्ज मस्ट पास आणि जॉनचा प्लास्टिक ओनो बँड आले. दोन्हीला सह-निर्माता फिल स्पेक्टर, दोन्हीवर ड्रमला रिंगो, बेसला क्लाउस फोरमान, दोन्हीचं रेकॉर्डिंग त्याच सुमाराला लंडनमध्ये, बरंचसं ॲबी रोड स्टुडिओत. जॉर्जकडे इतरही बरेच वादक होते, पण कणा तोच. म्हणजे फरक उरला तो समोर गाणाऱ्या माणसाचाच.

हेडफोन लावा आणि जॉर्जचं वाह-वाह ऐका. गिटारींवर गिटारी, ब्रास, तालवाद्यं, सगळं एकमेकांत इतकं मिसळलंय की नक्की कोण काय वाजवतंय ते सांगता येत नाही, आवाजाची भिंतच, आणि त्या भिंतीमागून जॉर्ज गातोय. माय स्वीट लॉर्डमध्ये मागे जो कोरस ऐकू येतो त्याला क्रेडिट आहे जॉर्ज ओहारा-स्मिथ सिंगर्स, हा काही कुठला गायकवृंद नाही, जॉर्जनेच स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा चढवलाय. आता लगेच जॉनचं मदर. आधी घंटेचे टोले, मग एकदम आवाज, उघडा. पियानोचे जड कॉर्ड, फोरमानचा बेस, रिंगोचा अगदी मोजून मापून ठोका, बाकी काही नाही, गिटारसुद्धा नाही, आणि शेवटाकडे तो माणूस गात नाही, ओरडतोय. तोच स्पेक्टर, तोच रिंगो. एकाला गर्दीत लपायचंय आणि दुसऱ्याला कपडे काढून उभं राहायचंय. आणि तिसरा, पॉल, त्याच वर्षी घरात चार ट्रॅकचं मशीन आणून ड्रमपासून सगळं स्वतःच वाजवत बसलेला, साथीला फक्त बायको. हे तीन अल्बम एका संध्याकाळी लागोपाठ ऐकलेत ना तर कट्ट्यावरच्या निम्म्या वादाची हवा निघून जाईल.

भांडणांच्या गाण्यात फार अडकू नका. पॉलने रॅममध्ये टू मेनी पीपल म्हणून जॉनला चिमटा काढला, जॉनने इमॅजिनमध्ये हाउ डू यू स्लीप लिहून सरळ कानाखाली दिली, आणि त्या गाण्यात स्लाइड गिटार कोण वाजवतंय तर जॉर्ज. चवीने ऐकायला भारी आहे, पण तुलनेसाठी त्यातून एवढंच घ्या की कोण कोणाच्या बाजूला बसलं होतं.

आता चार्ट. लोकांना आकडे आवडतात म्हणून देतो: अमेरिकेत नंबर एकला गेलेली गाणी पॉल ९, जॉर्ज ३, जॉन २, रिंगो २. बघा, आकड्यांच्या हिशोबाने जॉन लेनन आणि रिंगो स्टार बरोबरीत. जॉनच्या दोनपैकी एक तर तो गेल्यावर पोचलं. हयातीतलं एकच, १९७४ चं व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट, त्यात एल्टन जॉन सोबत गायलाय आणि त्याने पैज लावली होती की हे नंबर एक होणार, झालं तर माझ्या शोला स्टेजवर यायचं. लेननला पैज हरावी लागली, २८ नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जाऊन गावं लागलं. माय स्वीट लॉर्डवर चाल उचलल्याचा खटला झाला, १९७६ ला कोर्ट म्हणालं नकळत का होईना उचललीये, तरी नंबर एक तो नंबर एक.

चार्टची खरी अडचण वेगळीच आहे, सिंगल म्हणून काढलंच नाही ते गाणं चार्टला लागणार कसं. मेबी आय ॲम अमेझ्ड, पॉलच्या सगळ्या सोलो कामातलं माझ्या मते सगळ्यात वर असलेलं गाणं, १९७० ला सिंगल म्हणून आलंच नाही, लाइव्ह रूपात १९७७ ला आलं. इमॅजिन इंग्लंडमध्ये १९७५ पर्यंत सिंगल नव्हतं. जेलस गायने जॉनच्या हयातीत सिंगल म्हणून तोंड पाहिलं नाही आणि १९८१ ला रॉक्सी म्युझिक या बँडने तेच गाऊन इंग्लंडमध्ये नंबर एक मारला. त्यामुळे आकडे लिहून ठेवा, दुसऱ्याचं तोंड बंद करायला उपयोगी पडतात, पण स्वतः त्यावर विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा सगळ्यात वाईट अल्बम समोरासमोर लावा. ही माझी आवडती पायरी आहे आणि कोणी करत नाही, कारण वाईट अल्बम ऐकायला वेळ कुणाला आहे. जॉनचा सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी, पॉलचा वाइल्ड लाइफ, जॉर्जचा डार्क हॉर्स. जॉनचं कव्हरच वर्तमानपत्रासारखं आहे आणि आतली गाणी पण तशीच, ॲटिकाचं जेल, अँजेला डेव्हिस, आयर्लंड, आजची बातमी आजच गायची, आणि कालच्या पेपरचं जे होतं तेच त्याचं झालं, अमेरिकेत ४८ नंबरवर अडकला. पण माणूस कशासाठी तरी भांडतोय हे दिसतं. वाइल्ड लाइफ नवीन बँड घेऊन घाईघाईत उरकलाय, काही गाणी अर्धवट वाटतात, तरी मध्येच अशी एखादी चाल येते की बाकीच्यांनी त्यावर अख्खं करिअर काढलं असतं. डार्क हॉर्सला जॉर्जचा घसाच गेलेला, समोर अमेरिकेचा दौरा, त्याची तालीम आणि अल्बम एकाच वेळी, आणि ते त्या बसलेल्या आवाजात ऐकू येतं. दौऱ्यावर त्याने रविशंकर आणि आपल्या इतर वादकांना बरोबर नेलं, लोकांना बीटल्सची गाणी हवी होती, ती फार मिळाली नाहीत, पेपरवाल्यांनी सोलून काढलं. वाईट दिवसात पॉलकडे चाल उरते, जॉनकडे राग उरतो, जॉर्जकडे श्रद्धा उरते. कोणाला काय मोलाचं वाटतं ते ज्याचं त्याने ठरवावं, मला चाल.

आणि अडचणीत कोण काय करतो हे बघायला बँड ऑन द रनच्या मागची गोष्ट पुरेशी आहे. रेकॉर्डिंगला नायजेरियात लागोसला जायचं ठरलेलं, निघायच्या तोंडावर विंग्जमधले दोघं सोडून गेले, त्यातला एक ड्रमर. उरले पॉल, लिंडा आणि डेनी लेन. तिथे गेल्यावर रस्त्यात चाकू दाखवून लुटलं, डेमोच्या टेपा गेल्या. तिथला मोठा संगीतकार फेला कुटी याने तोंडावर सांगितलं की तू आमचं संगीत चोरायला आलायस. या सगळ्यात पॉलने ड्रम स्वतः वाजवले, गाणी आठवून आठवून केली, आणि निघाला तो त्याचा सगळ्यात गाजलेला अल्बम. एकदा फक्त ड्रमकडे लक्ष देऊन ऐका, साधेच आहेत पण गाणं लिहिणाराच वाजवतोय हे कळतं.

रिंगोला वेगळी फूटपट्टी लावा, नाहीतर अन्याय होतो. तो गाणी लिहिणारा नाहीच मुळात. पहिला अल्बम जुन्या काळची गाणी, दुसरा नॅशव्हिलला जाऊन कंट्री. पण १९७३ च्या रिंगो अल्बमसाठी जॉनने गाणं लिहून दिलं आणि वाजवलं, जॉर्जने दिलं, पॉलने दिलं. चौघं एका गाण्यात एकत्र नाहीत, पण एका रेकॉर्डवर चौघंही आहेत, फुटल्यानंतर हे जमवणारा तो एकटाच. रिंगोचा सोलो मोजायचा तर त्याच्या हाकेला कोण कोण येतं ते मोजा. १९८९ पासून त्याचा ऑल-स्टार बँड त्यावरच चालू आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत लुक अप नावाचा कंट्री अल्बम काढला, वय वर्षं ८४.

१९७६ नंतरच्या काळासाठी वर्षांवर नका जाऊ, वयावर जा. डिसेंबर १९८० मध्ये जॉनचा खून झाला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, त्याच्या दहा वर्षांसमोर पॉलची पन्नासच्या वर वर्षं ठेवणं मूर्खपणा आहे. चाळिशीपर्यंत कोणी काय केलं ते लावा. पॉल चाळिशीला टेकला तेव्हा टग ऑफ वॉर अल्बम नुकताच आलेला, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन परत बरोबर, एकदम फॉर्मात. जॉर्ज हॅरिसन चाळिशीला आला तेव्हा त्याचा गॉन ट्रॉपो अल्बम आपटला होता, इतका की त्याने पाच वर्षं दुसरा अल्बमच काढला नाही, फिल्म कंपनी सांभाळत बसला. समजा जॉर्जचं पान तिथेच मिटलं असतं, तर आपण म्हटलं असतं बिचारा १९७० लाच संपला होता. पण १९८७ ला क्लाउड नाइन आला, जानेवारी १९८८ ला त्यातलं गाणं अमेरिकेत नंबर एक, मग डिलन, ऑर्बिसन, पेटी, लिनबरोबर ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा बँड. जॉनला गॉन ट्रॉपो करायची संधीच मिळाली नाही, आणि त्यानंतरच्या क्लाउड नाइनचीही नाही. त्याच्या चाहत्यांना हे सांगून बघा, चिडतात, पण खोडता येत नाही.

दुसऱ्या बँडला हे लावताना आधी एक तपासा, बँड खरंच फुटला का एकटा बाहेर पडला. जेनेसिस या बँडमधून पीटर गेब्रियल १९७५ ला गेला, फिल कॉलिन्स मात्र बँडमध्ये राहूनच १९८१ पासून सोलो अल्बम काढत होता, म्हणजे एकाने पूल जाळलेला आणि दुसऱ्याचं घर शाबूत, धोका सारखा नाही. तिथे काळ ठरवायच्या आधी गेब्रियलच्या १९८० च्या अल्बममधलं इंट्रूडर ऐका, ड्रमवर कॉलिन्सच आहे, आणि लगेच कॉलिन्सचं इन द एअर टुनाइट. तो दणदणीत ड्रमचा आवाज कुठून आला ते कळेल. क्वीनला मात्र ही पद्धत अर्धवटच लागते, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी असताना तो बँड कधी फुटलाच नाही, सोलो म्हणजे सुट्टीतलं काम. तिथे यादी छोटी ठेवा, रॉजर टेलरचा १९८१ चा फन इन स्पेस, फ्रेडीचे १९८५ चा मिस्टर बॅड गाय आणि १९८८ चा ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेबरोबरचा बार्सिलोना, ब्रायन मेचा १९९२ चा बॅक टु द लाइट, आणि प्रश्न एकच विचारा, बाकीच्या तिघांनी हे बँडमध्ये करू दिलं असतं का. बार्सिलोना आधी लावा, मिस्टर बॅड गाय नंतर.